उंबऱ्याच्या आत

बाबांचं पहिलं मासिक श्राद्ध आटोपून मी हॉस्पिटलला पोचले, तेव्हा गेटवरच्या वॉचमननं हात आडवा करून गाडी थांबवली आणि मागच्या रस्त्यानं न्यायला सांगितली.

"पुढून नका जाऊ, मॅडम. करमाडहून दोन टेम्पो आलेत. अजून येऊ लागलेत."

"कोणाचे लोक?"

"सकाळच्या त्या पेशंटचे. पुंजाराम. घरी नेला ना, त्याचे."

पुंजाराम मला माहीत होता. शेंद्र्याच्या एका कारखान्यात काम करणारा, चाळिशीही न गाठलेला माणूस. हृदयविकाराचा मोठा झटका, मग फुप्फुसात पाणी, मग श्वासनलिकेत नळी आणि व्हेंटिलेटर. आदल्या संध्याकाळी राउंडच्या वेळी त्याच्या थोरल्या भावाला, कडूबाला, मी बाजूला घेऊन सांगितलं होतं की आशा फार थोडी आहे. पण त्याला घरी नेल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं आणि व्हेंटिलेटरवरचा माणूस असा घरी नेता येत नाही.

जालना रोडवरच्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेडिसिन युनिटची प्रमुख म्हणून माझी नेमणूक होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यातले बरेचसे बाबांच्या उशाशी आणि नंतर सुतकात गेले होते.

आयसीयूशेजारच्या ड्यूटी रूममध्ये डॉ. बद्रीनाथ पलंगाच्या कडेवर बसला होता. माझ्या युनिटचा शेवटच्या वर्षाचा निवासी डॉक्टर. फर्दापूरजवळच्या एका वाडीतला, शेतकऱ्याच्या घरातला. हात चांगला, बोलणं कमी. त्यानं ॲप्रन काढून घडी करून उशीवर ठेवला होता. मला पाहून तो उठला.

"काय झालं? सरळ सांग."

"पुंजाराम सकाळी गेला, मॅडम. पुन्हा झटका आला. छाती दाबली, शॉक दिले, सगळं केलं. नाही आला परत."

"मग घरी नेला म्हणजे?"

त्यानं खिडकीकडं पाहिलं. बाहेरचा आवाज तिथपर्यंत येत होता.

"नळी तशीच ठेवून पाठवला. पिशवी दाबत."

म्हणजे काय, ते मला लगेच कळलं. मेलेल्या माणसाच्या घशातली नळी काढायची नाही. तिला हातानं दाबायची हवेची पिशवी जोडायची आणि ॲम्ब्युलन्समध्ये ब्रदरनं ती घरापर्यंत दाबत राहायची. छाती वरखाली होत राहते. लोकांना वाटतं, अजून धुगधुगी आहे. असं कुठं कुठं करतात हे मी ऐकून होते. माझ्या युनिटमध्ये ते झालं नव्हतं.

"त्यांच्या भावकीत बाहेर गेलेल्याचं मढं उंबऱ्याच्या आत घेत नाहीत," बद्री म्हणाला. "अंगणातूनच उचलतात. आई घरात पाणी घेऊन बसलीय, म्हणाला. तिच्या हातचं पाणी लागू द्या तोंडाला. मी नाही म्हणालो. मग त्यानं पाय धरले माझे."

"आणि कागदावर काय लिहिलंस?"

"नातेवाइकांच्या विनंतीवरून घरी. प्रकृती चिंताजनक."

"मला फोन का नाही केलास?"

"तुमच्याकडं आज मासिक होतं."

पुढचं त्याला ॲम्ब्युलन्सवरच्या ब्रदरनं फोनवर सांगितलं होतं. पुंजारामला घरात नेलं, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, तिनं चमच्यानं ओठांवर पाणी सोडलं. मग ब्रदरनं पिशवी बाजूला केली, नळी काढली आणि 'गेले' म्हणून सांगितलं. त्याआधीच पुंजारामचा मेहुणा रामकिसन तिथं पोचला होता. त्याला आधीचं काहीच माहीत नव्हतं. दारातून आत नेताना त्यानं मोबाइलवर चित्रण केलं होतं आणि त्यात छाती स्पष्ट वरखाली होत होती. जिवंत माणसाची नळी काढून मारला, असं म्हणत त्यानं ते चित्रण गावभर पाठवलं होतं.

मी बद्रीवर ओरडायला हवं होतं. ओरडता आलं नाही.

महिन्यापूर्वी याच आयसीयूत, खिडकीजवळच्या खाटेवर माझे वडील, अनंतराव, गेले. माझी आत्या, यमुनाबाई, माझा दंड धरून म्हणाली होती, "शैला, नळी राहू दे गं. घरात नेल्यावर काढ. अनंताला दारात नको ठेवू." मी म्हणाले, "आत्या, बाबा गेलेत." आणि वेळ लिहिली. बाबांना इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरी हटवून केलेल्या जागेत ठेवलं गेलं. आत्या त्यानंतर माझ्याशी थेट बोललेली नाही. आज सकाळीही तिला दर्भ हवे होते ते तिनं चुलतभावामार्फत मागितले. माझं बरोबर होतं असंच मला अजून वाटतं. पण त्या बरोबर असण्याचा त्या महिन्यात मला काही उपयोग झाला नाही.

दार न वाजवता नानासाहेब आत आले. ट्रस्टचे सचिव, शहरातले वजनदार गृहस्थ. त्यांनी बद्रीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"शैलाताई, काच फुटायच्या आत हे मिटवू. दोन ओळी लिहून द्या. निवासी डॉक्टरनं परस्पर निर्णय घेतला, युनिटप्रमुख रजेवर होत्या, डॉक्टरला कामावरून काढलं आहे. मी बाहेर जाऊन वाचून दाखवतो. टेम्पो आले तसे परत."

"आणि याचं काय होईल?"

"लागेल दुसरीकडं."

"जिवंत माणूस मारला म्हणून काढलेला डॉक्टर कुठं लागतो, नानासाहेब? परीक्षेलाही बसू देणार नाहीत त्याला."

"तुम्ही रजेवर होतात, हे खोटं आहे का?"

"खरं आहे."

"मग खरंच लिहा की! तुम्हाला खरं बोलायचा शौक आहे म्हणतात." त्यांनी आवाज मऊ केला. "तुमचं दुःख मी समजू शकतो. पण सुतक फिटलंय ना आता? जरा व्यवहारानं घ्या."

बाहेर काहीतरी आपटलं. पत्र्याचा आवाज आला.

माझे पूर्वीचे प्रमुख अशा वेळी आम्हा ज्युनिअरांना पुढं धाडायचे आणि पोलीस आले की मागून यायचे. शहागंजातल्या एका व्यापाऱ्याच्या नातलगांपुढं मी एकदा अशीच उभी राहिले होते. चष्म्याची काच गालात घुसली होती. सर नंतर म्हणाले, चामडी जाड करायला शिका. ती झालीही. या पेशात टिकणं म्हणजे तेच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. माझ्याबरोबरचे दोघं मात्र त्याच वर्षी हा पेशा सोडून गेले, आणि ते माझ्याहून चांगले डॉक्टर होते.

"मी लिहून देणार नाही," मी म्हणाले. "बाहेर मी जाते."

"काय सांगणार?"

"तो इथंच गेला, हे."

"आणि ते नाटक कोणी करायला लावलं, तेही सांगा मग. त्या भावाचं नाव घ्या."

"मॅडम," बद्री पहिल्यांदाच मध्ये बोलला, "मी शब्द दिलाय त्याला."

नानासाहेब हसले. "ऐका! शब्द देतात."

वॉचमनला सांगून मी जमावाबरोबर आलेल्या कडूबाला मागच्या दारानं आत बोलावलं. पन्नाशीचा माणूस, उन्हानं काळवंडलेला. तो भिंतीला टेकूनच उभा राहिला, बसला नाही. आपला भाऊ ज्या खाटेवर गेला तिच्याकडं काचेतून एकदा पाहून त्यानं मान वळवली.

"कडूबा, रामकिसनला खरं सांगितलंत का?"

"नाय."

"काहून नाही?"

"कसं सांगू, मॅडम? माय तितं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय. म्हणती, माझ्या हातचं पाणी पेऊन गेलं लेकरू. येईल त्याला त्येच सांगू लागलीय. अन् भावकीला कळलं का मढं आत घेतलं, तर खांदा द्यायला येतील का कुणी?"

"या डॉक्टरचं काय होईल, ते कळतंय ना तुम्हाला?"

त्यानं बद्रीकडं पाहिलं आणि हात जोडले. हात जोडूनच तो मागच्या दारानं निघून गेला.

मॉनिटरच्या कागदी पट्टीवर सगळं होतं, सरळ रेघसुद्धा. पण जमाव पट्टी वाचत नाही.

बद्रीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. राजीनामा लिहून तयार होता. "पाठवू का, मॅडम? मी गेलो तर त्यांचाही राग जाईल अन् युनिटवरही काही येणार नाही. गावी शेती आहे."

"तो राहू दे तुझ्याजवळ. आधी ॲप्रन घाल."

"मी बाहेर येऊ?"

"माझ्या मागं नाही, शेजारी उभं राहायचं. विचारल्याशिवाय बोलू नको. आणि हात खिशात घालू नको."

हे शेवटचं मी का म्हणाले कोण जाणे.

पोर्चच्या पायऱ्यांवर आलो तेव्हा आवाज एकदम चढला. शंभरएक माणसं असतील. "हाच त्यो!" "जित्या माणसाची नळी काढतो व्हय रं?" "आतापोतर लपून काहून बसले?" फौजदार आणि चार शिपाई मध्ये होते, पण ते कोणाला अडवत नव्हते, नुसते हात पसरून उभे होते. टेम्पोच्या सावलीत कडूबा दिसत होता.

रामकिसन सगळ्यांत पुढं. तिशीचा, रडून डोळे लाल झालेले. त्यानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

"हे काय हाय? छाती हालू लागली का नाय? सांगा ना! डॉक्टर हाव ना तुमी?"

"हलतेय."

"ऐकलं का रे? हलतेय म्हणती!"

"आमचा ब्रदर पिशवी दाबत होता म्हणून हलतेय. हवा आत ढकलली की छाती वर येते. माणूस असो वा नसो." मला आवाज चढवावा लागला. "पुंजाराम सकाळी इथंच गेले. या डॉक्टरांच्या हाताखाली गेले, वाचवायची खटपट चालू असताना. इथून निघाले तेव्हा ते नव्हते."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "मेलेल्याला बिलापायी जिता ठिवत्यात हे ऐकलं व्हतं. मेलेला जिता करून घरपोच देत्यात, हे नवीनच!" काही जण हसले आणि हसल्याबद्दल त्यांनाच राग आला. एक चप्पल आली. बद्रीच्या खांद्याला लागून खाली पडली. तो हलला नाही.

"म्हंजी मढं पाठवलं आमच्या घरी?" रामकिसन म्हणाला. "जितं म्हणून?"

"हो. चूक झाली. तसं पाठवायला नको होतं आणि कागदावर तसं लिहायला नको होतं. युनिट माझं आहे. जबाब माझ्याकडं मागा."

"कुणाच्या सांगण्यावरून पाठवलं?"

मी एक पायरी खाली उतरले.

"कुणी सांगितलं तुमाला? बोला की!"

"ते मी सांगणार नाही."

"नाव घ्या," नानासाहेब काचेच्या दाराआडून म्हणाले. "शैलाताई, नाव घ्या त्याचं!"

रामकिसननं बद्रीची कॉलर धरली. "तू सांग. तुझ्या आयशीच्यान् सांग, कुणी सांगितलं?" बद्रीचे ओठ पांढरे पडले होते. त्याची नजर टेम्पोकडं जाणार असं मला वाटलं. ती गेली नाही. तो रामकिसनच्या डोळ्यांत पाहत राहिला.

"डॉक्टर मीच होतो," तो म्हणाला. "मी पाठवलं."

रामकिसनचा हात वर आलेला मी पाहिला. फौजदारानं तो मनगटात पकडला.

"ए पाव्हणं, थांबा. मारामारी नाही. तक्रार द्यायची ना? द्या, घेतो मी. पण मग मढं घाटीत, सरकारी दवाखान्यात न्यावं लागंल. पोस्टमॉर्टेम झाल्याबिगर कधी मेला, कशानं मेला, मला लिहिता येत नाही."

"न्या की! करा! समदं भायेर येऊ द्या!"

"नाय."

आवाज मोठा नव्हता, पण लोक वळले. कडूबा सावलीतून पुढं आला.

"चिरफाड नाय करायची."

"दादा, तुमी मधी नका पडू," रामकिसन म्हणाला. "माझ्या दाजीला मारलं ह्यांनी."

"त्यो इतंच गेला व्हता, रामकिसन. म्या बघितला. गार पडला व्हता." कडूबानं बद्रीकडं हात केला. "मीच म्हणलो, असाच पाठवा. ह्यो पोरगा नाय म्हणत व्हता. पाय धरले म्या त्याचे. मायसाठी."

रामकिसनची पकड सुटली. तो अगदी हळू म्हणाला, "मला तर सांगायचं व्हतं, दादा. साऱ्या गावाला धाडलं ना म्या हे." आणि तो पायरीवरच बसला, मोबाइल गुडघ्यांत धरून.

जमाव फुटला नाही, पण सैल झाला. लोक आता एकमेकांशीच बोलू लागले, आणि त्यात 'आत घेतलं', 'भावकी' हे शब्द मला ऐकू आले. कडूबालाही आले असावेत. तो घाईघाईनं पायऱ्या चढून आमच्याकडं आला.

"चला तुमी दोघं. मायला सांगायला. म्या नाय सांगू शकत. ह्यांच्या आधी पोचलं पायजे, नायतर कुणीबी फोन करून सांगंल तिला."

निघण्याआधी मी बद्रीला कागद आणायला लावला. त्यानं लिहिलेल्या ओळीवर स्वतःच रेघ मारली, खाली मृत्यूची खरी वेळ लिहिली, सही केली. मी त्याच्या सहीखाली माझी केली. "याची चौकशी होणार," नानासाहेब म्हणाले. "दोघांचीही." मी हो म्हणाले. ट्रस्टची गाडी मिळणार नव्हतीच. आम्ही माझ्या गाडीनं निघालो.

चिकलठाण्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला, तसा बद्री मागच्या सीटवरून म्हणाला, "मॅडम, काय सांगू मी त्यांना?"

"विचारतील तेवढं. खरं तेच."

"आणि त्यांनी काही विचारलंच नाही तर?"

आत्या मला काय विचारणार होती, ते मला अजून माहीत नाही.

"मग बसून राहा," मी म्हणाले. "विचारेपर्यंत उठू नको."

कडूबा पुढं माझ्या शेजारी होता. त्याचा फोन खिशात सारखा थरथरत होता. तो उचलत नव्हता.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. अंगणात पुरुष बसले होते. आम्हाला पाहून उठले. आत बायका. मधोमध पुंजाराम, त्याचं डोकं आईच्या मांडीवर. दगडाबाई अगदी लहानखुरी होती. मुलाच्या केसांतून हात फिरवणं तिनं थांबवलं नाही. भिंतीशी त्याची बायको, आशाबाई, पदरात तोंड घालून बसली होती.

कडूबा उंबऱ्यावरच कोसळला. "माय," एवढंच त्याला म्हणता आलं.

बद्री चपला काढून आत गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. मी दाराच्या चौकटीशी थांबले. बोलायला माझी जीभ वळवळत होती.

"तू कोण रं?"

"डॉक्टर हाय, माय. पुंजाभाऊचा." इतक्या दिवसांत मी त्याला हॉस्पिटलात गावची बोली बोलताना ऐकलं नव्हतं. "एक सांगायचं हाय. पुंजाभाऊ इथं नाय गेला. सकाळीच, तिकडं गेला. म्या तसाच पाठवला."

तिचा हात केसांत थांबला.

"अन् पाणी?"

"नाय गेलं, माय."

कोणीतरी हुंदका दिला. दगडाबाईनं बद्रीकडं पाहिलं आणि मग हात उगारून त्याच्या छातीवर मारला. पुन्हा मारला. "मला खेळवलं व्हय रं? मेल्या लेकराला पाणी पाजाया लावलं?" त्यानं हात आडवा केला नाही. मी पाऊल उचललं आणि परत ठेवलं. ती मारता मारता थकली.

"शेवटाला कोण व्हतं त्याच्यापाशी?"

"मी व्हतो."

"हात धरला व्हता?"

"छाती दाबत व्हतो, माय. हात सिस्टरनं धरला व्हता."

"काय बोलला?"

"तवा नाय. नळी व्हती. पण नळी टाकायच्या आधी बोलला. म्हणला, पायावर कायतरी टाका, गार लागू लागलं. म्या माझी शाल टाकली."

ती आशाबाईला म्हणाली, "पाय झाक गं त्याचे."

तेवढ्यात अंगणात टेम्पो थांबल्याचा आवाज आला. लोक उतरले, कुजबुज वाढली, आणि भावकीतला एक पागोटेवाला माणूस दाराशी येऊन घसा खाकरून म्हणाला, "कडूबा, आता समद्यांना कळलंय. मढं भायेर अंगणात घ्या. रीत हाय."

कडूबानं मान वर केली नाही.

"कोण घेतंय, येऊ दे," दगडाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "माझ्या मांडीवरून उचला. या."

कोणी आत आलं नाही. त्या माणसानं मागं पाहिलं. अंगणातून रामकिसन पुढं आला, पागोटेवाल्याची वाट अडवून त्याच्या आणि उंबऱ्याच्या मध्ये उभा राहिला.

दगडाबाई बद्रीकडं वळली. "तू जाऊ नको. सांग मला. पयल्यापासून सांग, दवाखान्यात नेला तवापासून."

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. तो सांगू लागला.

मी अंगणात आले. फोन वाजत होता. आयसीयूतल्या सिस्टर होत्या. खाट क्रमांक सातच्या औषधाचा वेग बद्रीसरांनी बदलायला सांगितला होता, पण किती ते सांगितलं नव्हतं. आणि सर आता कामावर आहेत की नाहीत, असं त्या विचारत होत्या; नानासाहेब तर काढल्याचं म्हणत होते.

"आहेत," मी म्हणाले. "ते आत बोलतायत. झालं की तेच तुम्हाला सांगतील."